शिशाची डबी

ऐक फक्त. मधी बोलू नको नेहल, फोन उलटा ठेव, अन् गावात कुणी तुला काय सांगितलं ते आधी डोक्यातून काढून टाक. गाडी पलटी झाली म्हणतेत, मामाचा हात उसाच्या चरकात गेला म्हणतेत, सगळं खोटं. मी होते तिथं. अन् तू पण आहेस ह्याच्यात. कशी ते कळंलच तुला, म्हणून तर तुला एकटीलाच सांगून राह्यले.

परण्याच्या दिवसापासून धर, लग्न लागायच्या आधी नवरदेव वाजतगाजत मारुतीला जातो तो परण्या. लग्न आमच्याच वडीगोद्रीतलं, ऑर्डर मामाच्या स्टुडिओला. रामकिसन मामा फोटोला, माझा सोमूदादा किराणा दुकानाच्या गच्चीवर ड्रोन घेऊन, अन् मी खाली व्हिडिओ कॅमेरा धरून. भर दुपार. नवरदेव घोड्यावर, मारुतीला चाललेला, पुढं डीजे. अन् डीजे कुणाचा तर भागवतचा. हायवेला ज्याचं मंडपाचं गोडाऊन आहे तो. सोबत त्याचे कायमचे दोघं, एक दाढीवाला, एक चष्मेवाला. अर्धा तास झाला भागवत स्वतःच्याच डीजेपुढं स्वतःच नाचून राह्यला, एकच गाणं फिरून फिरून. घोडं जागचं हलंना. मुहूर्त चालला. तवा नवरदेवाचा मावसभाऊ, प्रेम नावाचा, अंकुशनगरचा, चोवीस वर्षांचा पोरगा, डीजेच्या गाडीवर चढला अन् त्यानं वायर उपटली.

बस. एका वायरीपायी.

भागवतनं जनरेटरचं हँडल उचललं. लोखंडी, वाकडं, हातभर लांब. प्रेम गाडीवरून खाली उतरत होता, पाठ होती त्याची. पहिला फटका मानेवर. पोरगं गुडघ्यावर आलं. दुसरा डोक्यात. तो आवाज ओला होता, नेहल, चिखलात फरशी पडल्यावाणी. अन् तिसरा कामून मारला मला आजपर्यंत कळलं न्हाई, कारण प्रेम तवा हलत पण नव्हता.

मी काय करून राह्यले होते विचार. माझा कॅमेरा घोड्याकडं होता. मी मान वळवून सगळं बघितलं अन् कॅमेरा वळवायचं सुचलंच न्हाई. माझ्या व्हिडिओत काय आहे तर घोड्याचं शेपूट अन् मागून बायांच्या किंकाळ्या.

पण दादानं वरून बघितलं होतं, ड्रोनच्या स्क्रीनवर. त्यानं रिमोट फेकला, जिना उतरून पळत आला, प्रेमचं डोकं मांडीवर घेतलं, शर्ट काढून जखमेवर दाबला. वरती ड्रोन तसाच, त्याला कुणी वाली न्हाई. तो वाऱ्यानं सरकत सरकत विजेच्या तारेला अडकला अन् खाली आला. दाढीवाल्यानं त्याच्यावर उड्या मारल्या, बुटानं, पार चुरा होईपर्यंत. मी ते तुकडे ओढणीत गोळा केले. कामून केले माहीत न्हाई, हात करत होते.

प्रेम जालन्याला नेता नेता गेला. अन् संध्याकाळपर्यंत चार जणांनी जबानी दिली की सोमेश्वरनं मारलं. हँडल त्याच्या पायाजवळ पडलेलं, अंगावर रक्त त्याच्या. मी ओरडून सांगितलं, पण बहिणीचं कोण धरतं. पोलिसांनी दादाला उचललं.

आता तुकड्यांत काय होतं, तर कार्ड. ड्रोनमधलं, नखाएवढं. त्याच्यात सगळं असणार ना, गच्चीवर दादा अन् त्याच वक्ताला खाली गल्लीत भागवतचा हात. दोन्ही एकाच चित्रात. दादाला सोडवायला दुसरं काहीच नव्हतं आमच्याकडं. पण कार्डाचा एक कोपरा तुटलेला, लॅपटॉप घेईना, मोबाइल घेईना. म्हणजे कॉपी काढायची सोय न्हाई. जे आहे ते त्या नखाएवढ्या तुकड्यात. हैद्राबादला एक लॅब सापडली, असलं तुटकं कार्ड उघडून आतलं काढणारी. ते फोनवर म्हणले, कुरिअर करू नका, हातानं आणा.

मामा म्हणला, "कार्डाचं गावभर झालंय, रस्त्यानं गेलो तर भागवत अडवणार. हवेत कोण अडवतंय? विमानानं जाऊ."

तवा मी तुला मेसेज केल्ता, आठवतंय? कारण आपल्या मैत्रिणींत विमानात बसलेली तूच. अन् तू लिहिलंस, मी पाठ केलंय ते, "छोट्या प्लॅस्टिकच्या डबीत ठेव, हँडबॅगेत ने, चेक-इनच्या बॅगेत बिलकुल टाकू नको. मशीनीनं कार्डाला काही होत न्हाई, मी दिल्लीला दहादा नेलेत."

मी ते मामाला वाचून दाखवलं. मामा हसला पण न्हाई.

म्हणला, "त्या पोरीला सांग, आपल्या घरात आत्याच्या लग्नाचा एक तरी फोटो दाखव म्हणावं."

कधी विचार केलास का नेहल? तुमच्या घरी तुझ्या आत्याच्या लग्नाचा फोटो कामून न्हाई? मी सांगते. अठ्ठ्याण्णव साली तुझ्या आजोबांनी, सोहनलाल शेठनी, मामाला जयपूरला नेलं होतं त्या लग्नाला. चौतीस रोल काढले त्यानं. येताना विमान, रोल बॅगेत, बॅग मशीनीत. इथं येऊन धुतले तर सगळे धुरकट. नवरी न्हाई, नवरदेव न्हाई, नुसता करडा धूर. सोहनलाल शेठ काही बोलले न्हाईत म्हणे, पण नवरदेवाचा भाऊ जयपूरहून आला अन् भर बाजारात चपलेनं मारलं त्यानं मामाला. तोंडावर. मामानं ते आजपर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं, मामीला पण न्हाई. त्या दिवशी मला सांगितलं, रोल धरल्यावाणी बोटं करून करून.

"मामा, तो रोल होता, हे कार्ड आहे," मी म्हणले.

"मशीन तीच आहे ना?"

तीस वर्षं फोटो काढणारा माणूस, त्याला वाटतं मला सगळं माहीत.

मंग त्यानं काय केलं ऐक. ट्रॅक्टरच्या तीन जुन्या बॅटऱ्या फोडल्या, आतलं शिसं काढलं, अन् कांता मामीच्या पुरणाच्या कढईत वितळवलं. मामीनं कढई उकिरड्यावर फेकली अन् दोन दिवस बोलली न्हाई त्याला. शिशातून मशीनीचा किरण जात न्हाई, एवढं त्याला माहीत होतं, अन् ते खरं पण आहे. कापसात कार्ड, कापूस स्टीलच्या डबीत, डबीच्या भोवती बोटभर जाड शिसं, अन् वरून झाकण झाळून टाकलं. झाळलं म्हणजे उघडायचंच न्हाई, लॅबमधे जाऊन कापायचं. विटेएवढी झाली ती डबी, अन् वजन असं की माझं मनगट दुखलं.

अन् मामी, बोलत नव्हती तरी स्टेटस टाकायला विसरली न्हाई. मामाला कुंकू लावतानाचा फोटो, खाली "सोमूच्या कामासाठी मिस्टर आज विमानाने हैद्राबादला". तीनशे लोकांनी बघितलं.

चिकलठाण्याला विमानतळावर पोचलो. मामानं इस्त्रीचा सदरा घातला होता. सिक्युरिटीला मी बॅग पट्ट्यावर ठेवली अन् मामानं डबी छातीशी धरली.

जवान म्हणला, "अंकल, ट्रे में रखिये."

मामा म्हणला, "हातानं बघा साहेब. हाथ से देखो."

"रखना पडेगा."

ठेवली एकदाची. पट्टा आत गेला अन् थांबला. मागं आला. परत आत गेला. स्क्रीनवर बसलेली बाई उठून उभी राह्यली. दिसणारच ना, सगळ्यांच्या बॅगेत चपला, चार्जर, डबे, अन् आमच्या बॅगेजवळ एक काळा ठोकळा. शिशापलीकडं काहीच दिसंना त्यांना.

"क्या है इसमें?"

अन् मामा, मी तुला काय सांगू, मामानं घाबरून खरं तेच सांगितलं. म्हणला, "साहब, इसमें मर्डर है."

रांग फुटली. एक बाई लेकरू उचलून पळाली. दोघांनी मामाचे हात मागं धरले, एकानं मला बाजूला घेतलं. मामा ओरडून राह्यला, "मशीनीत परत टाकू नका, पाया पडतो." जवान चिडले न्हाईत, शिव्या दिल्या न्हाईत, पण सोडणार कसे? झाळलेली शिशाची डबी, वरून बॅटरीच्या तेजाबाचा वास. कुत्रं आणलं. मंग कुणी मोठा साहेब आला. मंग कुणीतरी करवत घेऊन आला. अडीच तास. आमचं विमान गेलं, मी काचेतून बघितलं जाताना.

डबी कापली, कापूस निघाला, कापसातून ते नख. मोठ्या साहेबानं मला विचारलं, मी सगळं सांगितलं, दादाचं, प्रेमचं. त्यानं ते कार्ड एका ट्रेमधे ठेवलं अन् ट्रे मशीनीतून घातला, नियम असतो तो. मामा खाली बसला. फरशीवर. गुडघ्यात डोकं घालून.

साहेब म्हणला, "अंकल, इससे कुछ नहीं होता."

मामा मला म्हणला, "गेलं गं, साधे. पुसलं. सोम्या गेला आपला."

मी कार्ड घेतलं. मामानं हात पण लावला न्हाई. एक गोष्ट लक्षात ठेव नेहल, त्या घटकेपासून मामाच्या हिशोबानं ते कार्ड कोरं होतं. पुढं जे झालं ते ह्याच्यामुळं जास्त वाईट आहे.

बाहेर येऊन मामानं मामीला फोन केला, विमान हुकलं, वापस येऊन राह्यलो. अन् मामीनं काय केलं असंल? बराबर. "विमान हुकले, मिस्टर परत निघाले." खाली रडका चेहरा.

आमची जुनी व्हॅन, तीच ती सरकत्या दाराची. मामा चालवून राह्यला, मी शेजारी. पाचोडच्या पुढं त्यानं आरशात बघितलं, मागं एक काळी गाडी, परत बघितलं, अन् म्हणला हायवे नको, आतून जाऊ. डावीकडं घुसलो, मोसंबीच्या बागांमधून कच्चा रस्ता आहे. आपल्या शिवाराजवळ आलो, अन् समोरून तीच काळी गाडी, दुसऱ्या वाटेनं येऊन आडवी.

मला दहा सेकंद मिळाले असतील. कार्ड मुठीत होतं. पर्समधे बघणार, कपड्यात बघणार, सीटखाली तर आधी बघणार. मी तोंडात टाकलं. गाल अन् दाढेच्या मधी. मामानं बघितलं न्हाई, तो ब्रेक दाबून भागवतकडं बघत होता.

भागवत हसत हसत आला. "काय मामा, हैद्राबाद कसं आहे?"

मामा म्हणला, "पोरीला हात लावू नको."

"लावणार कामून? कार्ड दे अन् जा."

मामानं डबी दिली, कापलेली. भागवतनं आत बोट घातलं. रिकामी. त्यानं तीच डबी उचलून मामाच्या कानशिलावर हाणली. शिसं होतं ते, नेहल. मामाचा कान फाटला, अर्धा खाली लोंबला, सदऱ्याची एक बाजू लाल. मामा दारावर आदळला अन् घसरत बसला.

मला चष्मेवाल्यानं केसाला धरून बाहेर काढलं. पर्स झटकली, सीट फाडल्या, माझी चप्पल कापून बघितली. अंगाला पण हात घातला त्यानं, कुठं कुठं, ते मी सांगत न्हाई. मी ओरडले न्हाई. ओरडायला तोंड उघडावं लागतं.

भागवतनं विचारलं, "कुठंय?"

मी मान हलवली.

"मुकी झालीस का?" अन् बुक्की मारली. इथं, बघ, अजून गाठ आहे. आतून ओठ फाटला, तोंड भरलं रक्तानं. थुंकले असते तर कार्ड गेलं असतं सोबत. मी गिळलं. परत भरलं, परत गिळलं. लोखंड चाटल्यावाणी लागतं. दुसरी बुक्की पोटात. मी वाकले, उलटी घशाशी आली, ती पण गिळली. जबडा एवढा आवळला होता की कानात कुई वाजायला लागली.

दाढीवाला म्हणला, "हिच्यानं न्हाई होणार. म्हाताऱ्याला घे."

मामाला त्यांनी उठवलं, व्हॅनच्या दारापाशी नेलं. उजवा हात धरला अन् दाराच्या चौकटीत ठेवला. बोटं आत, पंजा बाहेर. ते सरकतं दार लोखंडी आहे, त्याला जोरात ओढल्याबिगर लागत न्हाई, तुला माहितीय, तू किती वेळा चिडलीस त्याच्यावर.

भागवत मला म्हणला, "तू सांगणार का मी लावू?"

मामा म्हणला, "अरे तिच्याकडं न्हाई. अन् असलं तरी त्याच्यात काही न्हाई. मशीननं पुसलंय ते. कोरं आहे."

"मंग देऊन टाकायला काय जातं?"

मामानं माझ्याकडं बघितलं. अन् मला वाटतं तवाच त्याला कळलं. माझा गाल बघून असंल, का मी बोलत न्हाई म्हणून असंल. तीस वर्षं लोकांचे चेहरे बघितलेला माणूस. म्हणला, "साधे. असंल तर दे माय. कोरं आहे ते."

मी हलले न्हाई.

दार लागलं.

मी डोळे मिटले नव्हते. बोटं लगेच तुटत न्हाईत. चपटी होतात आधी, नखातून रक्त उडतं. मामाच्या तोंडातून आवाजच न्हाई निघाला पहिल्यांदा, नुसता वारा निघाला. मंग निघाला. भागवतनं दार उघडलं, हात तिथंच धरून ठेवला दाढीवाल्यानं.

"दे साधे," मामा म्हणला. "काही न्हाई राह्यलं त्याच्यात. कोऱ्या कार्डापायी माझा हात जाऊन राह्यला."

अन् मी त्या वक्ताला काय विचार करत होते माहितीय? तुझा मेसेज. देवाशप्पथ. मशीनीनं कार्डाला काही होत न्हाई, दहादा नेलेत. एवढंच डोक्यात. तुझं एक वाक्य अन् मामाचं चौतीस रोलचं दुःख, दोन्ही समोरासमोर. अन् वरून कार्ड तुटकं, त्यात काही असंल का नसंल लॅबवाल्याला पण माहीत नव्हतं, तर मला कुठून असणार. पण मी तोंड उघडलं की दादा बारा-चौदा वर्षं आत, का जन्मभर, ते नक्की होतं. ते एकच नक्की होतं.

दार परत लागलं. ह्या वेळी मोडल्याचा आवाज आला, दोन, एकामागं एक.

मामा खाली बसायला गेला तर हात वर अडकलेला. लटकून राह्यला हाताला. रडत म्हणला, "दे ना गं."

अन् मी न्हाई दिलं.

तिसऱ्यांदा लागलं तवा मामा बेशुद्ध झाला. किंकाळी मात्र बागेत गेली होती. तिथं मोसंबीची तोड चालू होती, उषाबाई मुकादमीण अन् तिच्या सात-आठ बाया. आधी मोसंब्या भरायचं एक प्लॅस्टिकचं कॅरेट आलं उडत, अर्धं भरलेलं, चष्मेवाल्याच्या डोक्यात. चष्मा गेला, नाक फुटलं. मंग बाया आल्या. कुणाच्या हातात फांदी तोडायची आकडी, कुणाच्या हातात दगड. उषाबाईनं आकडी दाढीवाल्याच्या खांद्यात अडकवली अन् ओढली, त्याचा शर्ट अन् कातडं सोबत आलं. ते दोघं गाडीकडं पळाले अन् भागवतला तिथंच टाकून गेले. भागवत पळायला लागला तर खाली सांडलेल्या मोसंब्यांवरून पाय घसरून आपटला.

व्हॅनमधून चाकाचा पाना मी काढला. कवा काढला मला आठवत न्हाई. पहिला त्याच्या गुडघ्यावर मारला. तो म्हणला, "ताई, ताई." मी परत तिथंच मारला, जवर तो गुडघा दुसरीकडं वळला न्हाई तवर. मंग हातावर, ज्या हातानं दार ओढलं त्या. बोटांवर. एक एक बघून बघून मारलं, जमिनीवर त्याचा पंजा पसरलेला, मी मनगटावर पाय दिला होता. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटून राह्यलं होतं. त्याच्या दातांवर मारणार होते तर उषाबाईनं मागून मिठी घातली.

"बस कर लेकी, मरंल तो. तुला फासावर जायचंय का?"

मी तिच्याकडं बघितलं, बोलले न्हाई. बाया आपसात म्हणल्या, बिचारी मुकी दिसती.

दवाखान्यात मामाला आत नेलं तवा मी बाथरूममधे जाऊन कार्ड काढलं. धुतलं, वाळवलं. त्याच्यावर माझ्या दाताची खूण होती. मीच चावले होते, दार कितव्यांदा लागलं तवा ते माहीत न्हाई.

मामाची तीन बोटं काढली. उजव्या हाताची, अंगठ्याशेजारची तीन. म्हणजे कॅमेऱ्याचं बटण दाबायचं बोट पण.

मी आठव्या दिवशी एकटी गेले हैद्राबादला. प्लॅस्टिकच्या डबीत कार्ड, डबी पर्समधे, पर्स ट्रेमधे. तू सांगितलं तसं. ट्रे आत गेला, बाहेर आला, कुणी काही विचारलं न्हाई. मला तिथंच रडू आलं, इतकं सोपं होतं ते. लॅबनं तीन दिवस घेतले. चाळीस मिनिटांच्या शूटिंगमधली अकरा मिनिटं निघाली. अन् त्या अकरात ते होतं. गच्चीवर दादा, रिमोट धरून, अन् खाली गल्लीत ते हँडल वर जाताना. वकिलानं सांगितल्यावाणी व्हिडिओ खरा असल्याचं लॅबचं सर्टिफिकेट घेतलं, दोन कॉपी केल्या, एक माझ्याकडं, एक वेगळ्या बॅगेत. ते बघून पोलिसांनी भागवतला दवाखान्याच्या खाटेवरूनच उचललं. दादा मंगळवारी घरी आला.

दादा सुटला ते तुला माहीत असंल. आता जे कुणालाच माहीत न्हाई ते.

परवा मी मामाला लॅपटॉपवर दाखवलं ते. त्यानं मागितलं न्हाई, मीच नेलं. अकरा मिनिटं त्यानं पूर्ण बघितली. प्रेम पडतो तिथं पण नजर काढली न्हाई. मंग म्हणला, "उजेड बराबर आलाय." बस एवढंच. फोटोवाला माणूस.

मामीनं ताट आणलं. डाव्या हातानं भाकरी मोडायला गेला तर ताट सरकलं. मी धरायला गेले तर त्यानं कोपर मधी घातलं, राहू दे म्हणला. अन् मंग, खाली बघूनच, विचारलं.

"साधे, तुला पक्कं माहीत होतं का? पुसलेलं न्हाई म्हणून?"

मी म्हणले, "हाव मामा. बिलकुल पक्कं."

त्यानं मान हलवली. घास खाल्ला.

मला काहीच पक्कं माहीत नव्हतं, नेहल. मी त्याची तीन बोटं तुझ्या एका मेसेजवर लावली, अन् तू तो मेसेज चालता चालता टाईप केला असशील. निघालं म्हणून बरं. कोरं निघालं असतं तर? अन् आता हे खोटं मी बोललेय, ते खरं सांगू का तसंच राहू देऊ, ते पण कळंना. पण ते राहू दे. आधी तू हे सांग, अन् मला बरं वाटावं म्हणून सांगू नको. तिथं त्या दारापाशी तू असतीस, गालात ते कार्ड, अन् समोर मामा तिसऱ्यांदा म्हणून राह्यलाय, दे ना गं. तू काय केलं असतंस?